घाबरट कुत्र्याच्या बाजूने

आपाच्या घरी गेलो होतो. मगरिबनंतरची वेळ. नऊ वर्षांचा भाचा उशी पोटाशी धरून सोफ्याच्या कोपऱ्यात बसला होता आणि टीव्हीवर एक गुलाबी कुत्रा जिवाच्या आकांताने किंचाळत होता. ‘करेज द कावर्डली डॉग’. मी शाळेत होतो तेव्हा हे कार्टून केबलवर लागायचं, आता पोरं ते यूट्यूबवर शोधून काढतात. मला बरं वाटलं. मी त्याच्या शेजारी सरकून बसलो.

तेवढ्यात आपा मोबाइल हातात घेऊन आतून आली. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज फिरवला होता. मुलांना भुताखेतांची कार्टून दाखवू नका, त्यांच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो, ती झोपेत दचकतात, अभ्यासातून लक्ष उडतं वगैरे. खाली यादी. यादीत आमचा कुत्रा दुसऱ्या नंबरवर. आपाने रिमोट उचलला. “नक्को ये भूतां-भूतां का,” म्हणाली आणि चॅनेल बदललं.

बातम्या लागल्या. दुल्हेभाई म्हणाले, राहू दे. पडद्यावर आठ चौकटी, आठांमध्ये आठ ओरडणारी माणसं, खाली लाल पट्टी, पाठीमागे युद्धाच्या सिनेमात असतो तसला ढोल. विषय आमच्या लोकांचाच होता, कुठला ते सांगायची गरज नाही. रोज तोच असतो. पाच-सात मिनिटं गेली. भाचा अजून उशी धरून होता. मग त्याने मला हळूच विचारलं, “मामू, ये लोगां अपने मोहल्ले में भी आते क्या?”

दुल्हेभाईंनी आवाज थोडा कमी केला. चॅनेल कुणीच बदललं नाही.

त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. मुलांच्या कार्टूनमध्ये भीती असावी की नसावी, हा प्रश्न आपण फार हलक्या हाताने सोडवून टाकला आहे. भीती वाईट, म्हणून भीतीचं कार्टून वाईट. माझं मत नेमकं उलट आहे. मुलांसाठी आजवर जी चांगली कार्टून झाली, त्यातली कितीतरी भुताटकीची आहेत. कारण पात्राची वाढ दाखवायची तर त्याला आधी कशाची तरी भीती वाटावी लागते. ज्याला पहिल्या भागापासून कशाचीच भीती वाटत नाही, त्याने वाढावं तरी कशासाठी?

हे मी दोन-तीन ठिकाणी बोलून दाखवलं तर गंमत झाली. आमच्या मशिदीतले एक बुजुर्ग म्हणाले, बेटा, जिन्नात गैबची मखलूक आहेत, त्यांचा पोरखेळ करू नये. आणि चळवळीतला एक जुना मित्र म्हणाला, महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आणि तू पोरांना भुतं दाखवा म्हणतोस? एरवी ही दोन माणसं एका चहाच्या टपरीवर बसणार नाहीत. भुतांची कार्टून बंद करायला मात्र दोघांची सही तयार.

बुजुर्गांना मी एवढंच म्हणालो की, हजरत मूसांचा किस्सा आपण पोरांना लहानपणापासून सांगतो. हातातली काठी जमिनीवर टाकली, ती सापासारखी सळसळायला लागली आणि मूसा पाठ फिरवून पळाले, मागे वळूनही पाहिलं नाही. हे आपण गाळत नाही. पुढे फिरऔनच्या दरबारात उभा राहणारा माणूस आधी घाबरून पळाला होता, यातच तर त्या किस्स्याचं बळ आहे. बुजुर्ग हसले, पटलं असं काही म्हणाले नाहीत.

मित्राला उत्तर देणं सोपं होतं, कारण त्याच्या बाजूचं कार्टून अर्ध्या शतकापूर्वीच होऊन गेलंय. स्कूबी-डू. आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय, पण ते जन्माला कसं आलं हे फार लोकांना ठाऊक नसतं. ते सांगतो, कारण आजच्या व्हॉट्सअॅप मेसेजचं मूळ तिथे आहे.

१९६८ साली अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. टीव्हीवर व्हिएतनामचं युद्ध रोज दिसत होतं. हिंसेला कंटाळलेल्या समाजाने हिंसेचा दोष कुणाला द्यावा, याचा शोध सुरू केला आणि शनिवारी सकाळच्या कार्टूनपाशी तो येऊन थांबला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि इतर पालकांनी मुलांच्या टीव्हीसाठी एक दबावगट उभा केला. त्या गटाचं बरंचसं काम चांगलं होतं, मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींविरुद्ध ते झगडले, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्या एकूण हवेत ‘स्पेस घोस्ट’सारखी मारधाडीची कार्टून वाहिन्यांनी काढून टाकली. रिकाम्या जागेसाठी सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमन यांना काहीतरी निरुपद्रवी हवं होतं. जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी रहस्य उलगडणाऱ्या तरुण पोरांची मालिका रचली. चित्रं तयार झाली आणि सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी ती नाकारली. कारण? फार भीतीदायक आहेत.

मग काय केलं? कुत्र्याला पुढे आणलं. भित्रा, खादाड, विनोदी ग्रेट डेन. भुतं ठेवली, पण प्रत्येक भागाच्या शेवटी भुताच्या तोंडावरचा मुखवटा ओढायचा आणि आत माणूस निघणार, हे पक्कं केलं. १३ सप्टेंबर १९६९ ला मालिका सुरू झाली आणि तिच्या नव्या-नव्या आवृत्त्या आजही निघतात.

माझ्या मित्रासाठी यापेक्षा चांगलं कार्टून नाही. भूत नसतं, हे इतक्या वेळा, इतक्या चिकाटीने कुठल्याही शिबिरात सांगितलं गेलं नसेल. आणि मुखवट्याखालचा माणूस कोण असायचा हेही आठवा. कधी चोर, कधी तस्कर, कधी दडवलेल्या खजिन्यामागे लागलेला, कधी कुणाची जमीन नाहीतर हवेली स्वस्तात घशात घालू पाहणारा. लोकांना घाबरवलं की लोक जागा सोडून जातात, मग ती आपली. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कळते. भूत दिसलं की घाबरण्याआधी विचारायचं, इथून लोक पळाले तर फायदा कुणाचा? आमच्या शहरात हा प्रश्न विचारणारी मोठी माणसं मला कमीच भेटली.

तरीही स्कूबी-डूच्या पहिल्या आवृत्तीवर माझा आक्षेप आहे, आणि तो मोठा आहे. तिच्यात कुणीच बदलत नाही. शॅगी पहिल्या भागात जेवढा भित्रा, तेवढाच शेवटच्या भागात. फ्रेड तसाच सापळे लावणारा, व्हेल्मा तशीच चष्मा हरवणारी, डॅफ्नी तशीच संकटात सापडणारी. भीती आली, पळापळ झाली, मुखवटा निघाला, हसले, संपलं. पुढच्या आठवड्यात कोरी पाटी. भीती इतकी धुऊन-पुसून दिली की तिच्यातून काही उगवायलाच जागा उरली नाही.

यात धंद्याचंही गणित आहे. मालिकेचे भाग वाहिनीला कुठल्याही क्रमाने, कितीही वेळा दाखवता आले पाहिजेत. मंगळवारी सातवा, बुधवारी तिसरा. पात्र सातव्या भागात काही शिकलं असेल तर तिसऱ्यात ते विसरलेलं कसं दाखवायचं? म्हणून त्याला शिकवायचंच नाही. शिवाय ज्याचं चित्र दप्तरावर, डब्यावर, टी-शर्टवर छापायचं, तो दरवर्षी तसाच दिसलेला आणि तसाच वागलेला बरा.

आपल्याकडे या गणिताचं सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे ‘छोटा भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने काढलेली ही मालिका २००८ पासून पोगोवर आहे. देशी कार्टून उभं राहिलं, घराघरांत गेलं, याचं कौतुक मीही करतो. आपल्याकडचं गाव, आपल्याकडचे लाडू, आपल्याकडची नावं. पण ढोलकपूरमध्ये कुणी वाढतं का? भीम पहिल्या दिवसापासून बलवान आणि बरोबर आहे. कालिया पहिल्या दिवसापासून जळकुटा आहे आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी कधी बसवून विचारलेलं नाही की बाबा रे, तुझं नेमकं दुखतंय काय? ढोलू-भोलू त्याच्या मागे, चुटकी भीमच्या मागे. तिथेही राक्षस येतात, चेटकिणी येतात. पण त्या येतात ठोसा खायला. लाडू तोंडात गेला की भीतीचा निकाल लागलेला असतो. ‘मोटू पतलू’चं तेच, फक्त लाडवाच्या जागी समोसा.

पालकांच्या ग्रुपवरच्या यादीत या दोन्हींची नावं नव्हती. ती ‘सुरक्षित’ आहेत. प्रश्न आला की ठोसा, आणि ठोसा मारणारा आपला असेल तर तो कायम बरोबर, हे रोज अर्धा तास मुलाच्या डोक्यात घालणं कुणालाच खटकत नाही. खटकतो तो थरथर कापणारा कुत्रा.

तर त्या कुत्र्याकडे येऊ.

जॉन डिलवर्थ या अमेरिकन अॅनिमेटरने १९९६ मध्ये एक छोटी फिल्म केली. कुत्रा आणि अंतराळातून आलेली कोंबडी. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे १९९९ ते २००२ या काळात कार्टून नेटवर्कवर तिची मालिका झाली, बावन्न भाग. कॅन्ससमधल्या ‘नोव्हेअर’ नावाच्या ओसाड माळावर एकच घर. घरात म्युरिएल नावाची मायाळू म्हातारी, युस्टेस नावाचा खडूस म्हातारा आणि पिल्लू असताना टाकून दिलेला, म्युरिएलने उचलून आणलेला कुत्रा, करेज. नावाचा अर्थ धैर्य. स्वभावाने महाभित्रा. त्या घरावर दर वेळी काहीतरी चाल करून येतं. कधी मोटेल चालवणारा दुष्ट बोका, कधी शापाची दगडी पाटी परत मागणारा इजिप्तचा राजा. तो राजा माझ्या पिढीतल्या पोरांच्या स्वप्नात आलेला आहे, हे मी नाकारत नाही. मी दोन रात्री दादीच्या कुशीत झोपलो होतो.

पण त्या भागांत घडतं काय, ते बघा. करेजची बोबडी वळते. दात पडतात, डोळे बाहेर येतात, तो जे सांगायचा प्रयत्न करतो ते कुणाला कळत नाही. युस्टेस त्याला वेडा ठरवतो आणि वर स्वतः हिरवा मुखवटा घालून भेवडावतो. माळ्यावरच्या कॉम्प्युटरला मदत मागावी तर तोही टोमणे मारतो. आणि मग, तसाच कापत-कापत, तो म्युरिएलला वाचवायला जातो. प्रत्येक वेळी. त्याची भीती कधी संपत नाही. त्याला कुठला लाडू मिळत नाही.

कुणी म्हणेल, मग हाही बदलत नाहीच की! शॅगीत आणि याच्यात फरक काय? रास्त प्रश्न आहे, मीही त्यावर अडलो होतो. फरक मला असा दिसतो. शॅगीची भीती हसण्यासाठी आहे, ती त्याच्याकडून काहीच मागत नाही, खाऊ दाखवला की तो निघतो. करेजच्या प्रत्येक भागात त्याला पळून जायला दार उघडं असतं आणि तो ते वापरत नाही. वाढ म्हणजे दर हंगामात नवा स्वभाव, असं आजकालचे चाहते समजतात. इंटरनेटवर त्यांचे तक्ते असतात, कुणाचा आलेख कसा वर गेला. मोठ्या माणसांचा खेळ आहे तो. मुलाच्या बाजूने बघितलं तर अकरा मिनिटांत एक भित्रा जीव दारापासून माघारी फिरतो, एवढी वाढ पुष्कळ झाली.

शिवाय या मालिकेने जिथे ठरवलं तिथे पात्रं पूर्ण बदललेली आहेत. ‘द मास्क’ नावाचा एक भाग आहे. पांढरा मुखवटा घातलेली एक मांजर घरात येते आणि करेजला बेदम मारते. सगळे कुत्रे वाईट, असं तिचं म्हणणं. करेज मार खातो, चिडतो, आणि मग शोध घेतो की ही अशी का झाली. कळतं की तिची जिवलग मैत्रीण एका गुंड कुत्र्याच्या दहशतीत अडकली आहे. करेज त्या गुंडाच्या अड्ड्यावर जातो, मैत्रिणीला सोडवून आणतो. शेवटी मांजर मुखवटा उतरवते. मुखवट्याखाली या वेळी लोभी माणूस निघत नाही, दुखावलेला जीव निघतो. एका कुत्र्याने केलेल्या अत्याचाराचा राग तिने सगळ्या कुत्र्यांवर काढलेला असतो. आणि करेजने, स्वतःचा काही दोष नसताना मार खाल्लेल्या करेजने, त्या रागाच्या मुळाशी जायचं ठरवलेलं असतं.

माझ्या भाच्याला वर्गात एकदा सामना बघून आल्यावर ‘तू कुठल्या टीमचा?’ असं विचारण्यात आलं होतं. त्याने घरी सांगितलं नाही, मला सांगितलं. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना मोजणं म्हणजे काय, हे त्याला समजावायला मला दुसरी गोष्ट सुचली नसती. तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला. तो म्हणाला, पण मामू, त्या मांजरीला सॉरी तरी म्हणायला पाहिजे होतं कुत्र्याला. मी म्हटलं, खरंय.

आणखी एक भाग आहे, करेजच्या लहानपणाचा. ज्या जनावरांच्या डॉक्टरने त्याच्या आईबापाला रॉकेटमध्ये घालून अंतराळात धाडलं, त्याच्याच दवाखान्यात तो मोठेपणी पुन्हा पोहोचतो. या भागात कुठलंही भूत नाही. भूत म्हणजे आठवण. आणि हा लहान मुलांसाठी केलेला कार्यक्रम आहे! आपल्याकडे किती घरांत मुलांना आजोबा का बोलत नाहीत, ते जुनं घर का सोडलं, हे सांगितलं जातं? आमच्या घरात नाही सांगितलं गेलं. दादी जिन्नाच्या गोष्टी तासन्‌तास सांगायची, विहिरीवरचा जिन्न, चिंचेवरची बाई. पण ज्या रात्री तिने पोरांना घेऊन दुसऱ्या मोहल्ल्यात धाव घेतली होती, त्या रात्रीचं एक अक्षर बोलायची नाही. आता वाटतं, जिन्नाच्या गोष्टींतूनच ती ते सांगत असावी. तिच्या गोष्टींतले जिन्न नेहमी दाराबाहेर थांबलेले असायचे आणि आतली बाई कधी कडी काढायची नाही.

मराठीला हे नवीन आहे, असंही नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी ती केली आणि पुढे अनेक वर्षांनी वैभव मांगले यांनी. मराठी बालरंगभूमीवर इतकं लाडकं पात्र दुसरं शोधून काढा. पोरं थिएटरात किंचाळतात आणि आईबाप शेजारी बसून हसतात. तिथे कुणाला कोवळ्या मनाची काळजी वाटत नाही, कारण ते आपण स्वतः लहानपणी पाहिलंय. आपल्या लहानपणातलं भूत संस्कृती असतं, मुलाच्या लहानपणातलं भूत विकृती.

मोठ्यांची ही सवय सीमेपलीकडेही सारखीच आहे. शिनचॅनवर आपल्याकडे २००८ साली बंदी आली, मग काटछाट करून तो परतला. बांगलादेशने २०१३ मध्ये हिंदीतला डोरेमॉन बंद केला. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबच्या विधानसभेत डोरेमॉनवर बंदीचा ठराव मांडला गेला. तीन देश एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण कार्टूनला घाबरण्याबाबत एकमत. त्यात भुतंही नव्हती. आळशी पोरगा आणि त्याच्या पोटाच्या खिशातून वस्तू काढून देणारा रोबो, एवढ्यानेच सरकारं हलली.

भुताटकी आणि पात्राची वाढ यांचं नातं ज्यांना नीट बघायचं आहे, त्यांनी ‘ओव्हर द गार्डन वॉल’ बघावं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये कार्टून नेटवर्कवर पाच दिवसांत दहा छोटे भाग आले, पॅट्रिक मॅकहेल यांनी रचलेले. सगळं मिळून दोन तासही होत नाही. एमी पुरस्कार मिळाला त्याला. दोन सावत्र भाऊ अनोळखी जंगलात हरवलेत. मोठा वर्ट, वयात येणारा, लाजरा, मनातल्या मनात कविता करणारा, आणि जे काही वाईट होईल त्याचं खापर धाकट्यावर फोडणारा. धाकटा ग्रेग, डोक्यावर किटली, काखेत बेडूक, कशाचीच चिंता नाही. जंगलात एक ‘बीस्ट’ आहे. तो कुणावर झडप घालत नाही. तो फक्त बोलतो. हरलेल्या, थकलेल्या मुलांना आशा सोडायला लावतो, आणि आशा सोडलेली मुलं तिथे झाडं होऊन जातात. एक लाकूडतोड्या ती झाडं तोडून त्यांचं तेल काढतो आणि कंदील जळता ठेवतो, कारण बीस्टने त्याला सांगितलंय की तुझ्या मुलीचा आत्मा या कंदिलात आहे, तो विझला की ती गेली.

हा लाकूडतोड्या मला झोपू देत नाही. तो दुष्ट नाही. बाप आहे. आपल्या लेकराला वाचवण्यासाठी तो दुसऱ्यांच्या लेकरांची झाडं जाळतोय, आणि कंदिलात नेमकं कोण आहे हे त्याने कधी उघडून पाहिलेलं नाही. ते पाहतो वर्ट. भेकड वर्ट. बीस्ट त्याला तोच सौदा देऊ करतो, धाकट्याचा आत्मा कंदिलात ठेवू, तू तो सांभाळ. आणि वर्टच्या लक्षात येतं की या बीस्टला कंदिलाची जरा जास्तच काळजी आहे. आत्मा त्याचाच आहे. त्याआधी वर्टने भावापाशी कबूल केलेलं असतं की चुका त्याच्या होत्या, ग्रेगच्या नाही. ती कबुली आधी आली म्हणून त्याला कंदिलाचं गुपित दिसलं, असं मला वाटतं. जोवर सगळा दोष दुसऱ्यावर ढकलत होता, तोवर तोही कुणीतरी सांगितलेलीच गोष्ट खरी धरून चालला होता.

हे सगळं भुताशिवाय सांगता आलं असतं का? मी प्रयत्न करून पाहिला. भाच्याला साध्या शब्दांत सांगितलं की काही लोक आपल्याला घाबरवून आपल्याकडून वाईट कामं करून घेतात. तो ‘हूं’ म्हणाला आणि मोबाइल मागितला.

‘ग्रॅव्हिटी फॉल्स’वर फार लिहीत नाही, त्याचे चाहते भरपूर आहेत. एकच सांगतो. अॅलेक्स हिर्श यांनी ती मालिका २०१२ ते २०१६ अशी चाळीस भाग चालवली आणि ती गाजत असताना स्वतःहून संपवली. जुळी बहीण-भावंडं, एका उन्हाळ्यात तेरा वर्षांची होतात आणि घरी जातात. मोठं व्हायची भीती हेच त्यातलं सर्वांत मोठं भूत. उन्हाळा संपला म्हणून मालिका संपली. आपल्या वाहिन्यांनी हे एकदा तरी करून पाहावं. भीमला एकदा तरी दहावीला बसवा.

आणि स्कूबी-डूलाही शेवटी हे करावंच लागलं, ही मोठी गंमत. २०१० साली ‘मिस्टरी इनकॉर्पोरेटेड’ नावाने जी बावन्न भागांची आवृत्ती आली, ती क्रमानेच बघावी लागते. त्यात फ्रेडला कळतं की ज्याला तो बाप समजत होता, त्या महापौराने त्याला त्याच्या आईबापापासून तोडलेलं आहे. या वेळी मुखवटा ओढल्यावर गावातला अनोळखी चोर निघत नाही, घरातलाच माणूस निघतो.

माझ्या बाजूतली खोट मीच सांगतो. चार वर्षांच्या मुलासमोर करेज लावू नये. त्यातला फ्रेड, तो केस कापणारा, विस्कटलेल्या हास्याचा पाहुणा, मलाही आज एकट्याने बघवत नाही. मूल खरंच रात्री उठून रडत असेल तर बंद करा, वाद घालू नका. आणि नुसती भीती विकणारा मालही यूट्यूबवर ढिगाने आहे, ज्यात कुणाचं काही होत नाही, फक्त चेहरा अचानक पडद्यावर आदळतो. त्याची वकिली मी करत नाही. माझी तक्रार यादीबद्दल आहे. न बघता केलेल्या यादीबद्दल. ‘भूत आहे का?’ हा एकच रकाना असलेल्या यादीबद्दल. मुलाशेजारी अकरा मिनिटं बसणं जमत नाही म्हणून आपण यादी पुढे पाठवतो.

आणि त्या यादीत बातम्यांचं चॅनेल नसतं. तिथे रोज रात्री मुखवटे असतात, ढोल असतो, बोट रोखून दाखवलेला राक्षस असतो. पण तिथे शेवटी मुखवटा कुणी ओढत नाही. कुणी बदलत नाही, कुणी चूक कबूल करत नाही, आणि ते ज्याच्याविषयी बोलतायत तो उशी पोटाशी धरून सोफ्यावर बसलेला असतो.

आपाला मी हे सगळं सांगितलं नाही, तिच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. एवढंच म्हटलं की आपा, मी असेन तेव्हा मला त्याच्यासोबत बघू दे. ती म्हणाली, रात्री रडला तर तू ये उठवायला. ठरलं.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. करेज लावलं. युस्टेस मुखवटा घालून करेजवर ओरडला, करेज कोलमडला. भाचा म्हणाला, “मामू, ये बुड्ढा कभी सुधरता क्या?”

मी खरं सांगितलं. “नाही सुधरत. शेवटपर्यंत नाही.”

“मग हा कुत्रा घर सोडून जात का नाही?”

मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात पडद्यावर म्युरिएलने आतून हाक मारली आणि करेज शेपूट हलवत धावला.

“अच्छा,” भाचा म्हणाला आणि उशी बाजूला ठेवली.